द्राक्षाच्या मुलखात दोन दिवस



या पानावर ऊस विकास विभागातर्फे आजवर आम्ही बेणे, खत, पाणी आणि पाचट यांवाचून दुसरे फारसे काही लिहिलेले नाही. म्हणून या अंकात वाईनच्या बागांचे प्रवासवर्णन पाहून काहींच्या भुवया वर जातील. "साहेबांना अभ्यास सहलीला दुसरा मुलूख सापडला नाही काय?" असे वार्षिक सभेच्या मंडपात आम्हांस एकदोघांनी विचारलेही. त्याचे उत्तर आधी देतो.

गेली दोन वर्षे गट ऑफिसला आले की काही तरुण सभासद एकच प्रश्न घालतात. "साहेब, ऊस काढून वाईनची द्राक्षं लावली तर?" कुणाच्या मोबाईलवर नाशिकच्या बागांची चित्रे असतात, कुणाच्या पाहुण्याने तिकडे लग्नाचा वाढदिवस केलेला असतो. आम्ही शेतकी पदविकाधारक माणूस. उसाचे विचारा, रात्री उठवून सांगू. वाईनच्या द्राक्षाचे ऐकीव ज्ञान सांगून सभासदांच्या चार एकरांचा खेळ करणे आम्हांस बरे वाटेना. ही अडचण मा. चेअरमनसाहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "मग जाऊन बघून या की. नुसतं बघू नका, चाखूनही या. पण परत आल्यावर खरं काय ते लिहा."

यंदा गळीत लवकर आटोपले, त्यामुळे मार्चमध्ये सवड मिळाली. वाईनच्या द्राक्षाची तोड जानेवारी ते मार्च चालते, म्हणजे शेवटची तोड पाहायला मिळणार होती. अडतीस सभासद, त्यांत सात भगिनी, अशी एक गाडी भरली. प्रश्न विचारणाऱ्या तरुणांपैकी एकजण आपल्या वडिलांना घेऊन आला होता. हे वडील म्हणजे आपल्या भागातले जुने गुळवे. गुऱ्हाळे होती त्या काळात त्यांच्या हातच्या ढेपेला पेठेत वेगळा भाव निघे. गळ्यात तुळशीची माळ. त्यांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. गाडीत बसताना आबा म्हणाले, "पोरगं म्हंतंय ऊस काढायचा. म्हटलं, काढायच्या आदी कशापायी काढतोय ते तरी बगावं."

वाटेवर

पुणे सोडून नाशिक रस्त्याला लागलो. नारायणगावला चहाला थांबलो. महाराष्ट्रातल्या वाईनची गोष्ट या जुन्नर तालुक्यातून सुरू होते. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथे फेसाळती वाईन तयार केली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी बाजारात गेली. आपल्या मातीतल्या द्राक्षाची बाटली विलायतेत विकली जाऊ शकते, हे तेव्हा प्रथम दिसले.

पुढे संगमनेर, सिन्नर ओलांडेपर्यंत गाडीत आम्ही सभासदांना एक माहिती सांगितली. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या आपल्या लोकांना ती मोलाची वाटली, म्हणून इथेही देतो. सहकारी कारखानदारी आपल्याकडे १९५० साली प्रवरेला सुरू झाली. परंतु द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन स्वतःची वाईन गाळायची, ही पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात मायशॉस येथे १८६८ मध्ये अशी सोसायटी निघाली. फ्रान्सच्या दक्षिणेला बेझिए शहराजवळ मारोसां नावाचे गाव आहे. तिथल्या छोट्या बागायतदारांनी १९०१ मध्ये सहकारी संस्था काढली.

त्यांना ही गरज का पडली तेही ऐका. त्या मुलखात द्राक्ष अमाप झाले, वाईनचे भाव कोसळले. त्यातच काही व्यापारी साखर आणि पाणी घालून खोटी वाईन विकत. होय, साखरच, बीटाची साखर. १९०७ साली तिथला शेतकरी रस्त्यावर उतरला. ९ जून रोजी माँपेलिए शहरात लाखोंचा जमाव जमला. नारबॉनला सैन्याने गोळी चालवली, माणसे मेली. त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने कायदा केला. बागायतदाराने आपले उत्पादन जाहीर करायचे आणि वाईनसाठी साखर वापरली तर तिच्यावर जादा कर. हे ऐकून मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे आपल्यासारखंच की वो! माल जास्त झाला की मरतोय तो पिकवणाराच." आम्ही म्हटले, तेवढे एक वाक्य ध्यानात ठेवा, नाशिकला उपयोगी पडेल.

बागेत

नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाचा जलाशय आहे. त्याच्या आसपास आणि पुढे दिंडोरीकडे वाईनच्या बागा विखुरल्या आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री थंडी. द्राक्षाच्या गोडीला आणि आंबटपणाला दोन्ही लागते. खायच्या द्राक्षाचे नाव इथे आधीपासून होतेच. १९९० च्या दशकात राजीव सामंत हे अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर परतले. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या जाणकाराच्या सल्ल्याने वाईनच्या जातींची लागवड केली. २००० साली 'सुला' ची पहिली बाटली बाहेर पडली. लोकांनी बाग पाहायला यावे, तिथेच बसून वाईन चाखावी, ही रीतही तिथूनच या भागात रुजली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, अबकारी करात सवलत दिली, निफाड तालुक्यात विंचूरला आणि आपल्या कृष्णाकाठी पलूसला वाईन पार्क ठरवले. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला आता भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही आहे.

पहाटे सहाला आम्ही एका बागेत पोहोचलो. तोड तेव्हाच चालते, काही ठिकाणी तर रात्री दिवे लावून. कारण विचारले तर पर्यवेक्षक म्हणाले, "उन्हात तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. थंडपणी तोडायचं आणि काही तासांच्या आत वाईनरीत न्यायचं." हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्या यार्डातील रांगा उभ्या राहिल्या. त्यावर पुढे लिहू.

बाग पाहून उसाच्या माणसाला पहिली गोष्ट ही खटकते की माल कमी दिसतो. खायच्या द्राक्षासारखा दाट मांडव नाही. वेली कुंपणासारख्या तारेवर उभ्या चढवलेल्या, घड लहान, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बी. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो या तांबड्या वाईनच्या जाती. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या. छाटण्या मात्र आपल्या द्राक्षवाल्यांच्या ओळखीच्याच: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. युरोपात थंडीने वेल आपोआप झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या करून एक पीक घ्यावे लागते.

एकरी किती निघते, असे विचारल्यावर उत्तर आले, चार-पाच टन. आमचे लोक एकमेकांकडे बघू लागले. पर्यवेक्षक हसून म्हणाले, "जास्त काढता येतं. पण आम्ही काढू देत नाही. घड जास्त लागले तर कोवळेपणीच काही तोडून खाली टाकतो. वेलीची ताकद ठराविक असते. ती दहा घडांत वाटायची की पाचांत, हे आपण ठरवायचं."

घड तोडून खाली टाकतात! आमच्या सभासदांना हे पटेना. ज्याने आयुष्यभर टनेजचा पाठलाग केला त्याला ते कसे पटावे? आम्ही स्वतः गेली वीस वर्षे 'एकरी शंभर टन' च्या पाट्या रंगवून घेतल्या आहेत.

आबांची जीभ

यानंतर जे घडले त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

पर्यवेक्षकांच्या हातात एक छोटी नळी होती. आपल्या गट ऑफिसला असतो तोच हातातला रिफ्रॅक्टोमीटर. मणी चुरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. जितका ब्रिक्स तितकी साखर, आणि यीस्ट साखरेचेच अल्कोहोल करते. साधारण २२ ब्रिक्सच्या रसापासून १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची वाईन होते. म्हणून कुठली ओळ आज तोडायची आणि कुठली चार दिवसांनी, हे आकड्यावर ठरते. पण नुसत्या आकड्यावर नाही. पर्यवेक्षक मणी तोंडात टाकत, साल चावत, बी दाताखाली फोडून बघत. बी तपकिरी झाले आणि कडवट-तुरटपणा उतरला की द्राक्ष पिकले.

आबा मागेमागे चालत होते. त्यांनी विचारले, "खाऊ का एक?" मग एक मणी या वेलीचा, एक पलीकडच्या वेलीचा, असे करीत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "ह्या खालच्या अंगाच्या वेली दोन-तीन दिवस मागं हायत. पानी जास्त बसतंय का तितं?"

पर्यवेक्षकांनी वरच्या वेलीचा रस घेतला, २३.५. खालच्या अंगाचा घेतला, २१. मग त्यांनी आबांकडे नीट बघितले आणि विचारले, "बाबा, तुमची बाग कुठं आहे?"

"बाग न्हाय. गुळवा हाय मी. काईल उतरायची येळ जिभंवर कळायची. पाक चिमटीत धरला की कळायचं."

पर्यवेक्षक म्हणाले, "मग तुम्ही आमच्यातलेच." आणि त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला. आम्हांला त्या क्षणी थोडी लाज वाटली, ती कबूल करतो. आबांचा ऊस आपल्या कारखान्याला वर्षानुवर्षे येतो. आम्ही त्यांना लागणीची तारीख विचारली, क्षेत्र विचारले, टनेज विचारले. हा ऊस कधी पिकला असे तुम्हांला वाटते, हे एकदाही विचारले नाही.

वाईनरीत

वाईनरी पाहताना आपल्या लोकांना फारसे अवघड गेले नाही. डिस्टिलरीतला वॉश सर्वांनी पाहिलेला आहे. इथे मळीऐवजी द्राक्षाचा रस आणि ऊर्ध्वपातन अजिबात नाही, हा मुख्य फरक. वजनकाट्यावर क्रेट उतरतात, त्या लॉटचा ब्रिक्स तिथेच बघतात, दर त्यावर. सडका घड, पाला, काडी बाजूला. पांढऱ्या वाईनला रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवतात. तांबड्या वाईनला सालीसकट आंबवतात, कारण तांबडा रंग सालीतच असतो, रसात नव्हे. काही तांबडी वाईन पुढे ओकच्या लाकडी पिंपांत मुरते. एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. उरलेल्या चोथ्याचे खत करतात, आपल्या प्रेसमडसारखे. एका बाटलीला साधारण किलोभराहून थोडे अधिक द्राक्ष लागते.

मग चाखण्याचा कार्यक्रम. लांब टेबल, प्रत्येकापुढे उंच दांडीचे पेले, मध्ये थुंकण्यासाठी भांडे. तिथल्या मुलीने रीत सांगितली. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. आधी उजेडात रंग बघायचा. मग पेला हळू फिरवून नाक घालायचे. मग लहान घोट तोंडात घोळवायचा. गिळलाच पाहिजे असे नाही. रोज चाखणारे जाणकार थुंकूनच टाकतात. एवढी महागाची चीज थुंकायची, यावर आमच्याकडे बराच विनोद झाला.

माळकरी मंडळींनी आणि बहुतेक भगिनींनी वाईन घेतली नाही, कुणी आग्रहही केला नाही. त्यांना त्याच द्राक्षाचा ताजा रस मिळाला. परंतु वास घ्यायला काय हरकत, म्हणून आमच्या एका ताईंनी सोव्हिन्यो ब्लाँचा पेला नाकाशी नेला आणि पटकन म्हणाल्या, "अगं बाई, हा तर ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येतोय." सगळे हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "ताई, बरोबर. या जातीची ती खूणच आहे. शिकायला येणाऱ्यांना हा वास सापडायला कधी कधी आठवडे लागतात." शिराझमध्ये दुसऱ्या एकांना मिऱ्याचा वास सापडला, तोही बरोबर निघाला.

आबांचा मुलगा पेला समोर ठेवून बसला होता. वडिलांच्या देखत तोंडाला लावायचा कसा? आबांच्या ते लक्षात आले. "मी जरा तो चोथा बगून येतो," म्हणून ते उठून बाहेर गेले, ते चांगले अर्ध्या तासाने परतले. आम्हीही एकेक घोट चाखला. खरे सांगायचे तर पहिला घोट आंबट लागला, दुसऱ्याला काही कळू लागले, तिसऱ्याला दोन जातींतला फरक सांगता आला. त्यापुढे गेलो नाही. दारूचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. वाईन हीही दारूच, तिनेही संसार मोडतो. पण चाखणे आणि पिणे यांत फरक आहे, एवढे तिथे कळले. शेतकऱ्याचे नाक आणि जीभ कुठल्याही जाणकारापेक्षा कमी नाही, हेही कळले. फक्त आपल्याला कुणी विचारत नाही.

परतताना ती मुलगी सहज म्हणाली, "तुमच्या कारखान्याची साखर कशी लागते? कोणत्या गावच्या उसाची कशी, असं काही असतं का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरी बाजू

ज्या प्रश्नासाठी गेलो होतो, त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. निफाडकडे एका वयस्क बागायतदाराच्या ओट्यावर आम्ही तासभर बसलो. त्यांनी २००५ च्या सुमारास तीन एकर वाईन द्राक्ष लावले होते. एका कंपनीशी करार होता, ठिबक, तार, रोपे यांसाठी कर्ज होते. दोन-तीन हंगाम चांगले गेले. सगळ्यांनीच लावले. मग २००८ साली जगभर मंदी आली, वर्षअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाईनचा उठाव थांबला, टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या हंगामात माल न्यायला कुणी येईना.

"माल बाजारात नेता नाही आला?" आमच्यापैकी एकाने विचारले.

ते म्हणाले, "अहो, बाजारात या द्राक्षाला हात कोण लावतो? मणी एवढासा, आत बिया, साल चामट. खायचं द्राक्ष असतं तर मातीमोल का होईना, विकलं असतं. बेदाणा होईना, काही होईना. आठ दिवस फोन केले. मग बाग तशीच वाळली. दुसऱ्या वर्षी दीड एकर उपटली, बाकीच्या खुंटांवर खायची जात डोळा भरून बांधली. कर्ज फेडायला सहा वर्षं गेली." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आता चाललंय तसं बरं आहे. पण जे टिकले त्यांच्याकडं बघा. त्यांची एक तर स्वतःची वाईनरी आहे, नाही तर शेजारच्या वाईनरीशी पक्का लेखी करार आहे. तुमचं तसं नाही. तुमच्या उसाला तुमचाच कारखाना आहे."

आबांचा मुलगा खाली मान घालून ऐकत होता. गाडीत आल्यावर बराच वेळ बोलला नाही.

आमचे मत

आता मा. चेअरमनसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खरे काय ते लिहितो.

ऊस काढून वाईनचे द्राक्ष लावावे काय? आपल्या भागापुरते आमचे उत्तर 'नाही' असे आहे. आपली बरीचशी जमीन नदीकाठची भारी काळी. या द्राक्षाला हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. जवळपास खात्रीची वाईनरी नाही, आणि हा माल तासांत पोहोचावा लागतो. उसाला एफआरपीचा कायदा आहे, वाईन द्राक्षाला तसा कायद्याने बांधलेला दर नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा एकाच गिऱ्हाईकाचा माल आहे. ते फिरले की पिकाला दुसरा बाजार नाही. ज्यांची माळाची, निचऱ्याची जमीन आहे आणि हातात लेखी करार आहे, त्यांनी पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय एक खड्डाही काढू नये. आपली वसंतदादा साखर संस्थाही मांजरीलाच आहे, एका खेपेत दोन्ही कामे होतील.

मग दोन दिवस वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांच्याकडून लावण्यासारखे काही नसले तरी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट. ते पिकलेले तोडतात, आपण नंबर आलेले तोडतो. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या जवळ येऊन टेकला की ऊस पिकला, हे आम्ही मेळाव्यात सांगतो. पण तोडणी प्रोग्रॅम लावताना ते किती पाळले जाते? इथे दोष केवळ सभासदांचा नाही. आमच्या विभागाचाही आहे, हे आम्ही या पानावर लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट. त्यांचा माल तासांत आत जातो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गळिताला गेला पाहिजे. त्यानंतर वजन घटते आणि साखर तुटू लागते. यार्डात दोन दिवस उभी राहिलेली गाडी म्हणजे सर्वांच्या खिशाला पडलेले भोक.

तिसरी आणि मुख्य गोष्ट. वाईनरी प्रत्येक लॉटचा ब्रिक्स बघून दर देते. ज्याने चांगले आणले त्याला चांगले. आपल्याकडे दर ठरतो तो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे आपण सर्वांनी आपला ऊस एकाच पिंपात ओतला आहे. त्यात कुणी कोवळा आणला, कुणी वाढे-पाचटासकट आणला, तर त्याचा भुर्दंड ज्याने निवडून आणला त्यालाही बसतो. हिशेबच बघा. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरवला आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. याच प्रमाणाने सर्वांनी मिळून उतारा अर्ध्या टक्क्याने वर नेला तर टनामागे १७३ रुपये. एकरी ४० टनांच्या खोडव्याला हे ६,९२० रुपये झाले. त्यासाठी एक पोतेही खत जादा लागत नाही. परदेशातल्या त्या जुन्या संस्था ज्या तत्त्वावर निघाल्या ते हेच: एकाचा माल बिघडला तर तो सर्वांचा बिघाड.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

कुटुंबासह जाणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च हा काळ धरावा. तोड आणि गाळप दोन्ही दिसते. पावसाळ्यात बाग हिरवी दिसते, पण वेलीवर फळ नसते. शनिवार-रविवार गर्दी फार, मधला वार बरा. बाग दाखवण्याचे आणि चाखण्याचे पैसे पडतात, आधी विचारून घ्यावे. राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. रिकाम्या पोटी चाखू नये. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये; आमच्या ड्रायव्हरने द्राक्षरसावर समाधान मानले, त्याबद्दल त्याचे आभार. न घेणाऱ्याला कुणी हसत नाही. आणि मोठ्या वाईनरीबरोबर एखाद्या साध्या बागायतदाराच्या ओट्यावरही जरूर बसावे. खरी चव तिथे कळते.

शेवटी

परतल्यावर आठ दिवसांनी आबांचा मुलगा गट ऑफिसला आला. आम्हांला वाटले, पुन्हा तोच प्रश्न. तो म्हणाला, "साहेब, ती ब्रिक्स बघायची नळी पुढच्या हंगामाला पंधरा दिवस आमच्याकडं मिळेल का? मी आणि आबा मिळून शिवारातले सगळे प्लॉट बघून देतो. आबा चव सांगतील, मी आकडा लिहीन."

नळी त्यांना मिळेल. एवढेच नव्हे तर पुढील हंगामापासून प्रत्येक गटात दोन अनुभवी सभासद आणि दोन तरुण सभासद यांनी परिपक्वता तपासणीला आमच्या माणसांबरोबर फिरावे, असा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवला आहे. त्यांच्या नोंदीप्रमाणे तोडणी प्रोग्रॅम लागला नाही तर जाब आम्हांस विचारावा.

परवा आबांच्या रानावरून येत होतो. बांधावर नवी पाटी दिसली. नाशिकच्या बागेत प्रत्येक ओळीच्या तोंडाशी असते तशी, हाताने रंगवलेली: को ८६०३२, खोडवा, तुटल्याची तारीख, क्षेत्र ३० गुंठे. खाली एक ओळ मोकळी सोडली होती. ती कशासाठी, म्हणून विचारले.

आबा म्हणाले, "तितं उतारा लिवायचा हाय. तुमी सांगितल्यावर."

इच्छुक सभासदांनी तपासणीसाठी आपली नावे महिनाअखेर आपापल्या गट ऑफिसला द्यावीत, ही विनंती.